नावं नंतर, आधी क्रम

पत्र :

"मला लहानपणापासून दगड उचलायची खोड आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची. भूविज्ञानाचे तीन ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आणि तिन्ही खनिजांच्या प्रकरणात सोडले. नावं डोक्यात राहतच नाहीत. व्हिडिओ तासन्‌तास बघते, बघताना सगळं कळतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मोबाइलमधल्या दगड ओळखणाऱ्या ॲपने माझ्या एकाच पांढऱ्या दगडाला क्वार्ट्‌झ, कॅल्साइट आणि फेल्डस्पार अशी तीन नावं दिली. रसायनशास्त्र माझं शाळेपुरतं. इंग्रजी वाचता येतं, पण भरभर बोललेलं निसटतं. वय चाळिशीपुढे. सुरुवात कुठून करू? आणि प्रमाणपत्राचा काही उपयोग होतो का?"
– दगडवेडी

उत्तर :

प्रिय दगडवेडी,

तिन्ही वेळा तुम्ही खनिजांपाशीच थांबलात, यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष कमी आणि अभ्यासक्रमांच्या रचनेचा जास्त आहे. खनिजांपासून खडक, खडकांपासून डोंगर, अशा हिशेबाने बहुतेक पाठ्यपुस्तकं खनिजांपासून सुरू होतात. वर्गात हे चालून जातं. तिथे समोर नमुन्यांचा ट्रे असतो, हातात भिंग असतं आणि चुकलं तर सांगणारं कुणीतरी शेजारी असतं. पडद्यावर त्यातलं काहीच नसतं, उरते ती नावांची यादी. मान्यताप्राप्त खनिजांची संख्या आज सुमारे ६,००० आहे. ती पाठ करायला कोणी भूवैज्ञानिकही बसत नाही. सुरुवातीला दहा-बारा ओळखता आली की पुष्कळ झालं, कारण पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या फेल्डस्पार गटाने व्यापला आहे. त्यात क्वार्ट्‌झ, अभ्रक, पायरोक्झीन, अँफिबोल, ऑलिव्हीन, कॅल्साइट आणि चिकणमातीची खनिजं मिळवा, की तुमच्या हाती येणारे बहुतेक दगड त्यात बसतात.

तेव्हा ते प्रकरण सरळ ओलांडा. चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नका, नंतर परत यायचंच आहे. सुरुवात "आधी काय घडलं, नंतर काय घडलं?" या प्रश्नापासून करा. माझ्या मते भूविज्ञानाचा गाभा हाच आहे, आणि तो इंटरनेटवरच्या फोटोंवरून फुकटात, घरबसल्या शिकता येतो. तुम्ही तर हिशेबाच्या माणूस. तारीख पुसलेल्या पावत्यांचा गठ्ठा समोर आला तरी कुठली आधीची आणि कुठली नंतरची, हे तुम्ही आतल्या खुणांवरून लावू शकता. इथे तेच करायचं आहे.

यासाठी नियम मोजकेच आहेत आणि त्यांतले काही निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच मांडून ठेवले आहेत. गाळाचे थर एकावर एक साचतात, म्हणून उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. गाळ साचतो तेव्हा थर साधारण आडवे असतात, म्हणून तिरपे किंवा घड्या पडलेले थर दिसले तर ते साचल्यानंतर त्यांना काहीतरी झालं आहे. त्यांना कापत जाणारी कुठलीही गोष्ट, मग ती तडा असो, प्रस्तरभंग (खडक तुटून त्याच्या दोन बाजू सरकल्याची जागा) असो की घुसलेल्या शिलारसाची भिंत, त्या थरांहून नवी असते. कापायला आधी काहीतरी असावं लागतं ना! एका खडकात दुसऱ्या खडकाचे गोटे अडकलेले असतील, तर ते गोटे जुने. एवढ्या शिदोरीवर तुम्ही शब्दांच्या अरण्यात न शिरता खऱ्या भूविज्ञानाला हात घालू शकता.

आज संध्याकाळीच एक करून बघा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाची जागा आहे, तिचे फोटो शोधा. फोटोखालचा मजकूर वाचायचा नाही, हात लावून झाका हवं तर. खाली करडे थर जवळजवळ उभे राहिलेले दिसतील आणि त्यांच्या डोक्यावर तांबूस थर थोडासा उतार घेऊन पहुडलेले. आता कागदावर क्रम लिहा. करडा गाळ आधी साचला, आडवा. मग त्याचा दगड झाला. मग तो दाबला जाऊन उभा राहिला. मग वरून झिजला, कारण त्या उभ्या थरांची टोकं कापल्यासारखी दिसतात. त्या झिजलेल्या पृष्ठावर तांबडा गाळ साचला. त्याचाही दगड झाला, मग तोही थोडा कलला आणि आता समुद्र दोघांनाही झिजवतो आहे. एवढं लिहून झालं की मजकूर उघडा. खालचे थर सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे, वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. दोन खडक एकमेकांना टेकलेले आहेत, पण त्या सांध्यात साडेसहा कोटी वर्षं गेली आहेत.

१७८८ मध्ये स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन दोन सोबत्यांना घेऊन होडीतून इथे आला, तेव्हा त्याच्याकडे यातला एकही आकडा नव्हता. खडकांचं वय ज्यावरून काढतात त्या किरणोत्सर्गाचा शोध लागायला अजून शतकाहून जास्त काळ होता. फक्त क्रमावरून त्याने ताडलं, की गाळ साचायला, दगड व्हायला, उभा राहायला आणि झिजायला काही हजार वर्षं पुरणार नाहीत, पृथ्वी अफाट जुनी असली पाहिजे. खनिजांची नावं तुमच्या लक्षात राहिली नाहीत तरी हा युक्तिवाद राहील, कारण तो तुम्ही स्वतः केलेला असेल.

"बघताना कळतं, नंतर आठवत नाही" याचं उत्तरही यातच आहे. व्हिडिओ बघताना विचार शिक्षक करतो आणि आपण मान डोलावतो. म्हणून कड्याचं चित्र पडद्यावर आलं, की तो स्पष्टीकरण द्यायच्या आत व्हिडिओ थांबवा. पेन्सिलने रेघोट्या मारून थर काढा, घटनांना क्रमांक द्या आणि मगच पुढे चालवा. चित्र वाईट आलं तरी चालेल. चित्रकला इथे कोणाला हवी आहे? थर कुठे संपतो आणि कुठे तुटतो, हे हाताने काढताना डोळ्याला बघावंच लागतं, एवढ्यासाठी ते काढायचं. अर्ध्या तासाचा व्हिडिओ मग दीड तास खातो. खाऊ द्या. ड्रोन, ढोल आणि "थक्क करणारी रहस्यं" असलेले व्हिडिओ मात्र या कामाचे नाहीत. त्यांत कॅमेरा एका कड्यावर चार सेकंद टिकत नाही, तर थर मोजणार कधी?

आता साधनांकडे. जास्त गोळा करू नका. एक पुस्तक आणि एक शिक्षक पुरेत. पुस्तक म्हणून ओपनजिऑलॉजी या संकेतस्थळावरचं प्राथमिक पाठ्यपुस्तक किंवा बीसीकॅम्पस या संकेतस्थळावरचं स्टीव्हन अर्ल यांचं 'फिजिकल जिऑलॉजी', दोन्हींतलं कुठलंही एक घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि नवख्यांसाठीच लिहिलेली आहेत. अनुक्रमाने वाचू नका. कालगणनेचं प्रकरण आधी, मग भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे), मग गाळाचे खडक, त्यानंतर ज्वालामुखी आणि खनिजं. पुस्तकं काही रागावत नाहीत.

शिक्षक म्हणून तुमच्यासाठी मी निक झेंटनर यांचं नाव सुचवेन. ते अमेरिकेतल्या सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवतात आणि त्यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. मोठं कारण म्हणजे ते फळ्यावर खडूने शिकवतात. नवा शब्द आला की तो लिहिलेला दिसतो आणि आकृती तुमच्यासमोर रेघेरेघेने तयार होते. इंग्रजी निसटण्याची तुमची अडचण इथे निम्मी कमी होते. उरलेल्या निम्म्यासाठी सबटायटल्स चालू करा आणि वेग पाऊणपट ठेवा. त्यांचे बहुतेक विषय त्यांच्याच परिसरातले आहेत, पण त्याने काही बिघडत नाही. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे बांध फुटून आलेल्या महापुरांनी तिथला प्रदेश कसा खरवडून काढला, ही गोष्ट त्यांच्याकडून जरूर ऐका. भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्‌झने १९२३ मध्ये हे मांडलं तेव्हा मोठमोठ्या भूवैज्ञानिकांनी ते उडवून लावलं आणि मान्यता मिळायला काही दशकं जावी लागली. पुरावा कसा तोलला जातो, हे अशा भांडणांतून जितकं समजतं तितकं व्याख्यांमधून नाही.

मराठीत आधार हवा असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि त्यातल्या भूविज्ञानाच्या नोंदी नेटक्या आहेत. एखादी संकल्पना इंग्रजीत अडली की तिथली नोंद वाचून परत या. विश्वकोशाचे छापील खंड अनेक दशकांमध्ये निघाले, त्यामुळे काही नोंदी जुन्या आहेत. खडक-खनिजांचं वर्णन तिथून निर्धास्त घ्या, भूपट्टांबद्दलचं आणि वर्षांचे आकडे मात्र नव्या पुस्तकाशी ताडून पाहा.

आता माझा आवडता भाग, नकाशे. ऑनलाइन शिकणाऱ्याचं विद्यार्थ्यांपेक्षाही भाग्य थोर कुठे असेल, तर इथे. गूगल अर्थ उघडा आणि कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो प्लेनमधला वॉलेस क्रीक नावाचा ओढा शोधा. डोंगरातून सरळ उतरणारा हा ओढा मध्येच काटकोनात वळतो, थोडं अंतर आडवा जातो आणि पुन्हा वळून पुढची वाट धरतो. त्या आडव्या तुकड्याखाली सॅन अँड्रियास प्रस्तरभंग आहे. एकेकाळी ओढा सरळ होता. दोन बाजूंची जमीन विरुद्ध दिशांना सरकत गेली आणि ओढा बिचारा दोन्हीकडे ताणला गेला. मोजपट्टीचं साधन घेऊन आडवा तुकडा मोजा, सुमारे १३० मीटर भरेल. या ओढ्याचं आताचं पात्र सुमारे ३,७०० वर्षांपूर्वी कोरलं गेलं, हे तिथे खणलेल्या चरांमधल्या कोळशाच्या कार्बन कालमापनावरून ठरवलं आहे. भागाकार करा. वर्षाला साडेतीन सेंटिमीटर येतात. तुम्ही आत्ता एका प्रस्तरभंगाचा वेग काढलात, आणि त्याला हिशेबापुरतं गणितच लागलं.

पण हे साडेतीन सेंटिमीटर दरवर्षी इमाने इतबारे सरकत नाहीत, हेही लगेच वाचून घ्या. त्या पट्ट्यात जमीन वर्षानुवर्षं अडकून राहते आणि मग एका भूकंपात काही मीटर उडी मारते. शेवटची मोठी उडी १८५७ मध्ये झाली. सरासरी आणि प्रत्यक्ष घटना यांतला हा फरक कळला, की बातम्यांतली भूकंपाबद्दलची अर्धी विधानं तुम्हाला वेगळी दिसायला लागतील.

असाच भागाकार हवाई बेटांवर करा. किलाउआ ज्वालामुखी आज जागा आहे. वायव्येला कवाई बेट सुमारे ५०० किलोमीटरवर आहे आणि त्याचे खडक सुमारे ५० लाख वर्षांचे आहेत. उत्तर वर्षाला १० सेंटिमीटर. खालचा उष्ण स्रोत जवळजवळ जागेवर आणि वरून पॅसिफिक भूपट्ट सरकतो आहे, म्हणून बेटांची रांग.

तिसरा खेळ भूकंपांचा. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या, म्हणजे यूएसजीएसच्या, संकेतस्थळावर जगभरचे भूकंप नकाशावर दिसतात आणि प्रत्येकाची खोलीही दिलेली असते. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा घ्या, मागच्या काही वर्षांचे भूकंप मागवा आणि किनाऱ्यापासून पूर्वेकडे जाताना खोल्या लिहीत चला. किनाऱ्याजवळ उथळ, खंडाच्या आत गेलं की १००-२०० किलोमीटर आणि आणखी पूर्वेला ५०० किलोमीटरच्याही खाली. ९ जून १९९४ रोजी बोलिव्हियाखाली ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तो सुमारे ६३० किलोमीटर खोलीवर. हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडलेत, तर तिरकी उतरत जाणारी एक पट्टी उमटेल. ती पट्टी म्हणजे खंडाखाली बुडणारा समुद्रतळ. बुडणारा भूपट्ट कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण तुमच्या कागदावर तो असेल. मला विचाराल तर एवढा एक आलेख दहा तासांच्या व्हिडिओंवर भारी आहे.

मॅक्रोस्ट्रॅट या संकेतस्थळावर जगाचा भूवैज्ञानिक नकाशा आहे आणि रॉक्ड हे त्याचं मोबाइल ॲप. जिथे उभ्या असाल तिथल्या पायाखालचे खडक कुठल्या काळातले, हे त्यात दिसतं. सगळीकडे सारखा तपशील नाही, काही प्रदेश ढोबळच आहेत, पण हातातल्या दगडाला संदर्भ मिळतो.

कारण शेवटी हातात दगड हवाच, आणि तुम्हाला तर आयती खोडच आहे. ॲपने तीन नावं दिली त्याचं नवल नाही. फोटोत रंग आणि चमक दिसते, आणि खनिज ओळखताना रंगावर विसंबू नये हा पहिला धडा आहे. क्वार्ट्‌झ पांढरं, गुलाबी, जांभळं, धुरकट, कसंही असतं. खरा भेद दिसतो तो कठिनता, कस आणि पाटन यांत, आणि यांतलं काही कॅमेऱ्याला नीट कळत नाही. कठिनता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये त्यासाठी शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत १ ते १० अशी श्रेणी लावली. कस म्हणजे झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग. हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज काळंभोर दिसलं तरी त्याचा कस तांबडा येतो. पाटन म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याची प्रवृत्ती, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात ती.

तुमचा पांढरा दगड घ्या. टेबलावर काचेचा जाड तुकडा सपाट ठेवा, हातात धरू नका, आणि दगडाची टोकदार कड त्यावर दाबून ओढा. काचेची कठिनता साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्‌झची ७, फेल्डस्पारची ६, कॅल्साइटची ३. काचेवर ओरखडा उठला नाही आणि सुरीच्या टोकाने दगडच सहज खरवडला गेला, तर कॅल्साइटचा संशय घ्या. खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघा, बारीक बुडबुडे आले तर संशय पक्का. काच ओरखडली, तर उरले क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार. मोडलेली बाजू उजेडात फिरवा. एखादी सपाट पातळी आरशासारखी लकाकली आणि तिच्याशी जवळजवळ काटकोनात दुसरी तशीच सापडली, तर फेल्डस्पार. सपाट पातळ्या नसतील आणि फुटलेला भाग शिंपल्यासारखा वाकडा, काचेसारखा असेल, तर क्वार्ट्‌झ. ओरखडा आहे की नुसती पूड सांडली आहे, हे बोट फिरवून तपासा, नवखे इथे हमखास फसतात. दगड फोडायचाच असेल तर चष्मा लावून आणि कापडात गुंडाळून. बाहेरचा हवा-पाणी खाल्लेला पापुद्रा नेहमी खोटं बोलतो, ताजी बाजू खरं. ॲपला निकाल विचारू नका. त्याने दिलेली तीन नावं तपासायच्या यादीसारखी वापरा, तेवढ्यापुरतं ते उपयोगी आहे. नावांची खातरजमा करायला माइंडॅट हे खनिजांचं संकेतस्थळ उत्तम.

आणि दगडाच्या आत बघायचं असेल, तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा व्हर्च्युअल मायक्रोस्कोप आहे. खडकाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे तिथे ब्राउझरमध्येच फिरवून पाहता येतं. चंद्रावरून आणलेल्या खडकांचे कापही आहेत. सुरुवातीला शिकण्यासाठी म्हणून जाऊ नका, नुसत्या रंगांसाठी जा.

रसायनशास्त्राची चिंता पुढे ढकला. कवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे, आणि हे दोघे मिळून बहुतेक खडकांचा सांगाडा बनवतात, एवढं माहीत असलं की वर्षभर ओढता येईल. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्गी अणू निम्मे उरायला लागणारा काळ, ही कल्पना व्याजाच्या उलट्या हिशेबासारखी आहे. तुम्हाला ती माझ्याहून लवकर समजेल.

भूविज्ञानाच्या नावाखाली बरंच भलतंसलतं ऑनलाइन फिरतं, त्याबद्दल थोडं. मॉरिटानियातल्या रिशात रचनेची, सुमारे ४० किलोमीटर व्यासाच्या त्या वर्तुळांची, चित्रं दाखवून बुडालेल्या नगरीच्या कथा सांगितल्या जातात. तो थरांचा झिजलेला घुमट आहे. वर्तुळं दिसतात कारण कठीण थर टिकले आणि मऊ झिजले. अमुक तारखेला भूकंप होणार असं सांगणारेही भेटतील, पण मोठ्या भूकंपाची वेळ आणि जागा आजवर कोणत्याही वैज्ञानिकाला आधी सांगता आलेली नाही. सांगणारा "हे कशावरून?" याचं उत्तर देतो का, तेवढं बघा. देत नसेल तर पुढे चला.

वयाबद्दल काही लिहीत नाही, तो या विषयात अडथळाच नाही. प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट सांगते. कुतूहलासाठी शिकत असाल तर त्याच्यासाठी पैसे घालवू नका. कोर्सेरासारख्या ठिकाणी काही अभ्यासक्रमांची व्याख्यानं प्रमाणपत्राशिवाय पाहता येतात. अल्बर्टा विद्यापीठाचा पर्वतांवरचा अभ्यासक्रम तिथे आहे, कड्यांवरून क्रम लावायचा सराव झाल्यावर तो घ्या. प्रमाणपत्राने एकच फायदा होतो, काहींना मुदत असली की काम पुरं होतं. तुम्ही त्यांतल्या असाल तर गोष्ट वेगळी. नोकरी बदलून भूवैज्ञानिक व्हायचं मनात असेल, तर मात्र ऑनलाइन प्रमाणपत्र चालणार नाही, रीतसर पदवी लागते आणि तिच्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य लागतं. तसा विचार झालाच, तर प्रवेश घेण्याआधी तिथे विद्यार्थ्यांना किती दिवस बाहेर नेऊन नकाशे काढायला लावतात, हे विचारून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा.